हजरत ईसा (अलै.) आणि अल्लाहची वेळ

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)





अशा समारंभात वक्त्याने शिक्षणाच्या महत्त्वावर चार शब्द बोलावेत अशी रीत आहे. मी आज थोड्या निराळ्या विषयावर बोलणार आहे. परंतु बोलता बोलता आपण शिक्षणाच्याच दाराशी येऊन पोहोचू, याची खात्री बाळगावी.

आपल्या मुलांनी काही प्रश्न लिहून दिले होते. त्यांतले तीन प्रश्न एकाच विषयाचे होते. पहिला, शाळेत ज्यांना येशू ख्रिस्त म्हणतात ते आणि आपले हजरत ईसा (अलैहिस्सलाम) एकच आहेत काय? दुसरा, एकच असतील तर ख्रिस्ती लोक त्यांना देवाचा पुत्र म्हणतात आणि आपण पैगंबर म्हणतो, हे कसे? आणि तिसरा, ते पुन्हा येणार आहेत असे आपण ऐकतो, तर केव्हा येणार?

प्रश्न लहान मुलांचे आहेत, पण लहान नाहीत. पहिले दोन प्रश्न 'कोण' याचे आहेत आणि तिसरा 'केव्हा' याचा आहे. घरी असे काही विचारले की आपल्याकडे पुष्कळदा उत्तर मिळते, "गप्प बस, असले विचारू नये." पालकहो, हे उत्तर बरोबर नाही. प्रश्न विचारला म्हणजे ईमान गेले असे नाही. हजरत इब्राहीम (अलै.) यांनी तर प्रत्यक्ष अल्लाहला विचारले होते की तू मेलेल्यांना कसे जिवंत करतोस ते मला दाखव. विश्वास नव्हता म्हणून नव्हे, तर मनाचे समाधान व्हावे म्हणून. अल्लाहने त्यांना रागे भरले नाही, उत्तर दिले. सूरह बकरामध्ये ही हकीकत आहे.

आणि हा प्रश्न केवळ आपल्या मुलांनाच पडतो असेही नाही. आपल्या महाराष्ट्रातील विदुषी पंडिता रमाबाई यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही ख्रिस्ताचे देवत्व आणि त्रैक्य यांविषयी त्यांना शंका होत्या. ज्यांच्या आश्रयाला त्या राहत होत्या, त्या मठातील भगिनींशी त्यांनी याविषयी पत्रांतून निर्भीडपणे वाद केला. स्वतःला पटल्याशिवाय केवळ कोणी सांगते म्हणून मान डोलवायची नाही, हा त्यांचा बाणा होता. पुढे त्या ख्रिस्तीच राहिल्या, केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभारले आणि बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांचा मार्ग वेगळा, आपला वेगळा. पण प्रामाणिक प्रश्नाला घाबरू नये, एवढे त्यांच्याकडून कोणीही शिकावे.

आता उत्तराकडे वळू.

होय, मुलांनो, येशू ख्रिस्त आणि हजरत ईसा (अलै.) हे एकाच थोर व्यक्तीचे नाव आहे. आपल्या मराठी भाषेत त्यांचे चरित्र आजचे नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लंडहून आलेल्या धर्मगुरूंनी गोव्यात राहून 'ख्रिस्तपुराण' हा ओवीबद्ध ग्रंथ रचला, तो १६१६ मध्ये छापला गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या कविता आपण पाठ्यपुस्तकात वाचल्या असतील. ते आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पुष्कळ वर्षे राहिले. नगर आणि जालना भागात ख्रिस्ती वस्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. तेव्हा आपल्या मुलाच्या बाकावर एखादा ख्रिस्ती मुलगा असेल आणि दोघांत हा विषय निघेल, हे स्वाभाविक आहे. त्या वेळी आपल्या मुलाला आपले उत्तर ठाऊक असावे, एवढेच मला हवे आहे.

आपले उत्तर काय? कुरआन शरीफमध्ये हजरत ईसा (अलै.) यांचे नाव पंचवीस वेळा आले आहे. त्यांच्या मातोश्री हजरत मरियम यांच्या नावाची स्वतंत्र सूरह आहे, आणि संपूर्ण कुरआनमध्ये नाव घेऊन उल्लेख झालेली ती एकमेव स्त्री आहे. हजरत ईसा पित्यावाचून जन्मले हे आपण मानतो. सूरह आले इम्रानमध्ये त्यांची तुलना हजरत आदम यांच्याशी केली आहे. ज्या अल्लाहने आदमला माता आणि पिता या दोघांवाचून घडविले, त्याला पित्यावाचून जन्म देणे अवघड नव्हते. ते मसीह आहेत, अल्लाहचा कलिमा आहेत, त्याच्याकडचा रूह आहेत, हे सारे सन्मान सूरह निसाने त्यांना दिले आहेत. आंधळ्यांना दृष्टी, कुष्ठरोग्यांना आरोग्य आणि मृतांना जीवन त्यांनी अल्लाहच्या आज्ञेने दिले, हेही आपण मानतो. मात्र ते अल्लाहचे बंदे आणि रसूल आहेत, अल्लाह नाहीत आणि अल्लाहचे पुत्रही नाहीत. त्यांना सुळावर मृत्यू आला नाही, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले, असे कुरआन सांगते. ख्रिस्ती बांधवांची श्रद्धा अशी आहे की ते देवाचे पुत्र होते, वधस्तंभावर मरण पावले आणि तिसऱ्या दिवशी उठले. हा भेद खरा आहे. तो झाकण्यात अर्थ नाही, आणि त्यावरून भांडण्यातही अर्थ नाही.

मग भेद असताना कसे वागावे? याचा नमुना इस्लामच्या अगदी सुरुवातीच्या इतिहासात आहे. मक्केतील छळाला कंटाळून इ. स. ६१५ च्या सुमारास काही मुसलमान हबशा देशात, ख्रिस्ती राजा नज्जाशीच्या आश्रयाला गेले. त्यांना परत आणण्यासाठी मक्केच्या कुरैशांनी आपले वकील पाठविले. हजरत जाफर (रजि.) यांनी दरबारात सूरह मरियमच्या आयती ऐकविल्या, तेव्हा राजा आणि त्याचे धर्मगुरू रडू लागले. वकिलांचा डाव फसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा डाव टाकला. राजाला सांगितले की हे लोक ईसांविषयी भलतेच काही बोलतात, यांना विचारून पाहा.

त्या रात्रीची कल्पना करा. परका देश, हाती पैसा नाही, पाठीशी फौज नाही. राजा रुष्ट झाला तर पुन्हा मक्केच्या जुलमात जावे लागणार. कोणीही म्हणाले असते की उद्या दरबारात जरा गोड बोलू, राजाला आवडेल असे सांगू. त्यांनी आपसांत ठरविले की जे अल्लाहने आणि त्याच्या रसूलने सांगितले तेच सांगायचे, मग काहीही होवो. दुसऱ्या दिवशी हजरत जाफर यांनी सांगितले की ईसा हे अल्लाहचे बंदे, त्याचे रसूल, त्याचा रूह आणि मरियमकडे पाठविलेला त्याचा कलिमा आहेत. राजाने जमिनीवरची एक काडी उचलली आणि म्हणाला की तुम्ही सांगितलेत त्याहून ईसा या काडीएवढेही अधिक नाहीत. आश्रय कायम राहिला.

मुलांनो, या हकीकतीत दोन गोष्टी आहेत. भीतीपोटी सत्य बदलू नये, ही एक. आणि सत्य सांगताना समोरच्याच्या मनातील आदराला धक्का लावू नये, ही दुसरी. हजरत जाफर यांनी 'तुमचे चुकते' अशी सुरुवात केली नाही. मरियमच्या गौरवापासून सुरुवात केली.

पुढे मदिनेत नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ आले. हजरत ईसा कोण, यावरच चर्चा झाली. एकमत झाले नाही. परंतु त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी त्यांना मस्जिदे नबवीमध्ये प्रार्थना करू दिली, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. अखेरीस त्यांच्या जीविताची, मालमत्तेची आणि धर्माची हमी देणारा करार होऊन ते परतले. मतभेद राहिला आणि माणुसकीही राहिली.

याहून मोठी गोष्ट सूरह माइदाच्या शेवटी आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः हजरत ईसांना विचारील की मला आणि माझ्या मातेला देव माना असे तू लोकांना सांगितलेस काय? ते नकार देतील. आणि लोकांचे काय करावे यावर त्यांचे उत्तर काय असेल? शिक्षा करा, अशी मागणी ते करणार नाहीत. ते सारे तुझेच बंदे आहेत, तू शिक्षा दे वा क्षमा कर, अधिकार तुझा, अशा आशयाचे ते बोलतील. ज्यांच्याविषयी वाद आहे ते स्वतः निवाडा अल्लाहच्या हाती देणार असतील, तर तो निवाडा शाळेच्या मैदानात करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आता तिसरा प्रश्न. ते केव्हा येणार?

हजरत ईसा (अलै.) कयामतच्या आधी पुन्हा येतील हे हदीसमध्ये आले आहे आणि उम्मतची तशी श्रद्धा आहे. पण केव्हा? येथे एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. 'कोण' या प्रश्नावर दोन धर्मांत भेद आहे. 'केव्हा' या प्रश्नावर मात्र दोघांचे ग्रंथ एकच सांगतात. त्या घडीचे ज्ञान फक्त अल्लाहपाशी आहे असे सूरह आराफ सांगते. हजरत जिब्रील (अलै.) यांनी मनुष्यरूपात येऊन विचारले तेव्हा रसूलुल्लाह (सल्ल.) यांनीही उत्तर दिले की विचारणाऱ्यापेक्षा मला अधिक ठाऊक नाही. आणि ख्रिस्ती बांधवांच्या मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांत हेच आहे की तो दिवस आणि ती घटका पित्यावाचून कोणाला ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही.

मग आपल्या मोबाइलवर जे येते, अमुक साली अमुक होणार, चिन्हे दिसू लागली, दहा जणांना पाठवा, त्याला काय म्हणावे? पैगंबरांना जे सांगितले गेले नाही ते या मंडळींना कोठून कळले?

हे नवीन नाही. चारशे वर्षांपूर्वी हिजरी सनाची हजार वर्षे भरत आली होती. आता जगाचा काय फेरफार होतो याची चर्चा पुष्कळ ठिकाणी होती. अकबर बादशहाने त्या हजार वर्षांचा इतिहास लिहविण्यास १५८२ च्या सुमारास सुरुवात केली, तोच 'तारीखे अल्फी' ग्रंथ. आणि नेमक्या त्याच काळात आपल्या बीडमध्ये काय चालले होते? निजामशाही अमदानीत, मुर्तजा निजामशहाच्या राज्यात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याच्या आज्ञेने खजाना बावडी खोदली जात होती. राजा भास्कर हे तिचे रचनाकार म्हणून ओळखले जातात. बनविणारे हात कोणत्या धर्माचे होते याची विहिरीच्या पाण्याला खबर नाही. जमिनीखालच्या कालव्यांतून पाणी विहिरीत येते, आणि कालव्यानेच बलगुजारच्या शेतीकडे जाते. पंप नाही, मोट नाही, केवळ उताराचा हिशेब. दुष्काळातही तिने साथ दिली असे जुने बीडकर सांगतात.

काही लोक हजार वर्षांचा हिशेब मांडत होते, आणि काही लोक पाण्याच्या उताराचा हिशेब मांडत होते. पहिल्यांचे आज कोणाला स्मरण नाही. दुसऱ्यांचे पाणी पिढ्यान् पिढ्या शेतात गेले. हदीसमध्येही हेच आहे. कयामत येऊन ठेपली आणि तुमच्यापैकी कोणाच्या हातात रोप असेल, तर लावता येत असल्यास ते लावून टाकावे. म्हणजे 'केव्हा' हे अल्लाहकडे, आणि रोप आपल्याकडे.

बंधू-भगिनींनो, अल्लाहच्या वेळेवर भरवसा ठेवणे म्हणजे काय, हे हजरत ईसांच्या जन्माच्या हकीकतीतच सांगितलेले आहे. ती केवळ ईसांची कथा नाही. ती तीन माणसांच्या वाट पाहण्याची कथा आहे.

पहिली, मरियमची आई. तिने आपल्या पोटचे मूल अल्लाहच्या घराच्या सेवेला वाहिले होते. तिची अपेक्षा मुलाची होती. झाली मुलगी. ती गोंधळली. पण अल्लाहने ती मुलगी उत्तम रीतीने स्वीकारली आणि तिची वाढ उत्तम केली, असे कुरआन सांगते. तिचा सांभाळ कोणी करावा यासाठी तेथील थोर लोकांनी आपापल्या लेखण्या टाकून निर्णय केला. विचार करा, एका मुलीच्या संगोपनाचा मान मिळावा म्हणून विद्वान मंडळी लेखण्या टाकत होती! आपल्याकडे मुलगी झाली की काही घरांत तोंडे उतरतात. त्या आईने जर म्हटले असते की मुलगा झाला नाही, आता नवस कशाला फेडू, तर? अल्लाहने जे योजले होते ते त्या मुलीच्याच हातून व्हायचे होते.

दुसरे, हजरत जकरिया (अलै.). हाडे खिळखिळी झालेली, डोके पांढरे झालेले, पत्नी वांझ. तरी त्यांनी दुआ सोडली नाही. ही दुआ त्यांनी केव्हा केली? आपल्या देखरेखीखाली वाढणाऱ्या मरियमजवळ अल्लाहने दिलेली रोजी पाहिली तेव्हा. दुसऱ्याच्या मुलीचे नीट संगोपन करणाऱ्याला अल्लाहने म्हातारपणी हजरत यह्या यांच्यासारखा पुत्र दिला. जे शिक्षक दुसऱ्यांची मुले घडविण्यात आयुष्य घालवितात, त्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

आणि तिसरी, स्वतः हजरत मरियम. प्रसूतीच्या वेदना, जवळ कोणी नाही, लोकांच्या बोलण्याची धास्ती. याआधीच मी मेले असते तर बरे, असे तिला वाटले. तेव्हा आवाज आला की दुःख करू नकोस, तुझ्या पायाखाली झरा आहे, आणि खजुराचे खोड आपल्याकडे हलव, ताजी खजूर पडेल. आपण खजुरीचे झाड पाहिले आहे. चार धट्टेकट्टे गडी लागले तरी त्याचे खोड हलत नाही. मग नुकत्या प्रसूत होणाऱ्या अशक्त बाईला ते हलवायला का सांगितले? खजूर पाडणारा अल्लाहच होता. पण हात लावणे तिचे काम होते. तवक्कुलचा याहून सोपा धडा मला ठाऊक नाही. खोडाला हात न लावता 'अल्लाहची मर्जी' म्हणत बसणे हा तवक्कुल नव्हे. आणि हात लावल्यावर खजूर पडेपर्यंत धीर न धरणे, हेही ईमानाचे लक्षण नव्हे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. दसरा सरला की येथून हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. त्यांच्याबरोबर मुले जातात आणि शाळा अर्ध्यावर सुटते. ज्यांना ऊसतोडीला जावे लागत नाही त्यांचीही घाई वेगळी नाही. मुलगा एकदा नापास झाला की त्याला गॅरेजवर किंवा भाजीच्या गाड्यावर लावतात. मुलगी आठवी-नववीत गेली की स्थळे पाहू लागतात. बालविवाहाच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याचे नाव पुन्हा पुन्हा निघते, आणि त्यात कोणताही समाज आपण वेगळे आहोत असे म्हणू शकत नाही. विचारले तर बाप म्हणतो, "चांगले स्थळ आले, अल्लाहने पाठविले, नाही कसे म्हणणार?"

मी त्या बापाचा अपमान करीत नाही. त्याच्या मागे गरिबी आहे, भीती आहे, चार लोक काय म्हणतील ही चिंता आहे. पण मी त्याला नम्रपणे विचारतो, स्थळ अल्लाहने पाठविले हे आपल्याला दिसले, मग मुलीला बुद्धी दिली, गणितात पहिला नंबर दिला, ते कोणी पाठविले? रोजीवर आपला विश्वास आहे, तर अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत आणि तिचे शिक्षण होईपर्यंत अल्लाह दुसरे चांगले स्थळ पाठवू शकणार नाही काय? ही घाई म्हणजे अल्लाहच्या वेळेवर भरवसा नव्हे. ती आपली भीती आहे, आणि नाव आपण अल्लाहचे घेतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगतो. निकालाच्या दिवशी अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले म्हणून काही मुले खचून जातात, आणि काही तर जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा विचार करतात. मरियमच्याही मनात मरणाचा विचार आला होता, आणि तो मनात आला म्हणून अल्लाहने तिला दूर लोटले नाही, तिच्या पायाखालचा झरा दाखविला. असा विचार मनात आला तर एकटे राहू नका. आईला, बापाला, गुरुजींना सांगा. तुमचाही झरा तेथेच जवळ असेल, फक्त दुःखाने डोळे भरल्यामुळे दिसत नसेल. आणि लोक नावे ठेवीत असतील तर मरियमची दुसरी गोष्ट आठवा. तिला त्या दिवशी बोलू नकोस असे सांगितले होते. तिने उत्तर दिले नाही. पाळण्यातील मूल बोलले. आपली बाजू पुष्कळदा वेळच मांडते.

थोडक्यात सांगायचे तर, मुलांनो, हजरत ईसा कोण होते याविषयी जे आपल्याला सांगितले आहे ते निःशंकपणे आणि आदराने सांगा. जे अल्लाहने स्वतःकडे राखून ठेवले आहे, लोकांचा निवाडा असो की कयामतची घडी, ते त्याच्याकडेच राहू द्या. आणि जे खोड आपल्या हाताशी दिले आहे ते आज हलवा. पालकहो, आपल्या हाताशी असलेले खोड म्हणजे आपल्या मुलाची आणि विशेषतः मुलीची शाळा होय. या महिन्यात ज्या घरातून मुलीचे नाव काढण्याचा विचार चालला असेल, त्या घराने तो विचार निदान एक वर्ष पुढे ढकलावा आणि त्या वर्षात गुरुजींशी, बाईंशी येऊन बोलावे. फीची अडचण असेल तर तीही मोकळेपणाने सांगावी. त्यात लाज नाही.

अल्लाह आपल्या लेकरांना इल्म देवो, आपल्याला सब्र देवो, आणि शेजाऱ्यांशी सचोटीने व प्रेमाने राहण्याची तौफीक देवो. आमीन.